नौबादेत, दुसऱ्याच्याच सतरंजीवर

दरखेपी मलाच कामून सांगायला लावताव रे? बरं, ऐका, पण मधी बोलू नका.

दारू सोडून नववा दिस होता. नौबादेत दारू सोडलेल्यांची बैठक भरते, एवढंच ठावं. भर दुपारी एका घरापुढं लई चपला दिसल्या. आत माणसं सतरंजीवर मुकाट बसलेली. वाटलं, हीच बैठक. जाऊन बसलो. कुणी काई इचारलं न्हाई. उदबत्तीच्या धुरात सगळे पाण्याखाली बसल्यावानी दिसायलते. माझाच आवाज मला लांबून ऐकू आला, "तीस वर्षं पेलो. बायकोची बोरमाळ पेलो. आज सुटलो तर परत सापडायचो न्हाई. मला धरून ठेवा."

भिंतीला टेकलेली म्हातारी बोलली, "माझा लेक दारूनंच गेला परवा. त्याला असं बोलता आलं न्हाई, अप्पा."

तवा कळलं, मी मयताच्या घरी भेटायला आलेल्यांत बसलोय. तिथं कोण, कुठला, कुणी इचारत न्हाई.

उठायला लागलो, तर तिनं मनगट धरलं. "पाणी पी, मग जा. अन् आता पिऊ नको." कितीतरी वेळ तिनं हात सोडलाच न्हाई.

बाहेर आलो, तर आत माझ्या शेजारी बसलेला माणूस, गुंडप्पा, मागं आला. "चला, बैठक पुढच्या गल्लीत हाय. मीच चालवतो."

"मग आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमी चांगलं बोलायलताव. कसं तोडू?"

चार वर्षं झाली, थेंब घेतला न्हाई. पण माफी अजून मागितली न्हाई त्या गुंडप्पानं.