आप्पानं जाळलेलं इंजिन

(पिशोरजवळच्या मळ्यातलं पत्र्याचं शेड. बोनेट काढलेला जुना ट्रॅक्टर. त्याच्याखाली मिस्त्री निजामुद्दीन, शेजारी मालक तात्यासाहेब. बाजेवर शेंगा फोडत बसलेल्या त्यांच्या पत्नी आवडाबाई.)

निजामुद्दीन : तात्या, सरका मागं. घमेलं भरलं, तरी तेल थांबंना. दुसरं द्या.

तात्यासाहेब : तेल? कसलं तेल?

निजामुद्दीन : गोडं तेल. भजी तळायला! अहो, इंजिनातलं तेल. खालचं चेंबर खोललंय, दिसत नाय?

तात्यासाहेब : इंजिनात तेल नव्हतं. आमच्या धाकट्या आप्पानं बिनतेलाचं पळवलं आन् जाळलं. सगळ्या पिशोरला ठाऊक हाय.

आवडाबाई : ठाऊक असणारच. दवंडी तुमीच दिली ना.

निजामुद्दीन : मग हे माझ्या पायजम्यावर काय सांडलं? अत्तर?

तात्यासाहेब : नंतर कुणी तरी भरलं असंल.

आवडाबाई : व्हय तर. बंद पडलेल्या ट्रॅक्टरला गुपचूप येऊन कुणी तरी तेल पाजून गेलं. लई पुण्यवान माणूस.

तात्यासाहेब : तू शेंगा फोड. मिस्त्री, आता वरचं हेड काढा. आत पिस्टन चिकटलेला दिसंल. आप्पानं खुलताबाद सोडलंय. तो यायच्या आत मला ते डोळ्यानं पाहायचंय.

निजामुद्दीन : कायको एवढी घाई? आप्पाला ट्रॅक्टर चालू पाहिजे, तुम्हाला पुरावा पाहिजे. मी मिस्त्री हाय का हवालदार?

तात्यासाहेब : आमचं फोनवर ठरलंय. त्याच्या पोरीचा, संस्कृतीचा, नवरदेव आमच्या बापाच्या ट्रॅक्टरवर बसून वेशीत यावा, ही त्याची हौस. मी म्हणलं, खुशाल. पण आधी इंजिन खोलायचं. त्याची चूक निघाली, तर त्यानं मांडवात सगळ्यांसमोर कबूल करायचं.

आवडाबाई : पोरीच्या लग्नात बापाला कान धरायला लावायचं! काय पण चुलता हाय!

तात्यासाहेब : तो हो म्हणला. जबरदस्ती नाय केली मी.

आवडाबाई : इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यालाबी खरं वाटायला लागलं असंल.

निजामुद्दीन : मी तव्हाच बोललो होतो, एकदा खोलू द्या. तर तुम्ही म्हणाले, बापाचं मशीन फाडायचं नाय.

तात्यासाहेब : दसऱ्याचा दिवस होता तो!

निजामुद्दीन : हौ. आन् दसऱ्यानंतर दिवस उगवलाच नाय.

तात्यासाहेब : आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी सवता ट्रॅक्टर धुतला, पुसला, पूजा केली. ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशी आप्पा सोनं लुटायला घेऊन निघाला आन् वेशीच्या चढाला खाडकन् बंद. आता सांगा, चूक कुणाची?

निजामुद्दीन : चूक नंतर सांगतो. पहिले ही बाजू धरा. उचला… हां. निघालं हेड.

तात्यासाहेब : दिसला का चिकटलेला?

निजामुद्दीन : नाय. आतून सगळं गुळगुळीत. तेलाशिवाय चाललं असतं तर ओरखडे पडले असते. इथं एक नाय. तुमच्या दाढीला याच्यापेक्षा जास्त हायत.

तात्यासाहेब : नीट पाहा. त्या कडेचं सिलिंडर पाहा.

निजामुद्दीन : तेच बघतोय. याच्या पिस्टनच्या डोक्याला खड्डा पडलाय, हवा आत घेणारा वॉल वाकलाय. म्हणजे हवेच्या नळीतनं काही तरी टणक आत आलं.

तात्यासाहेब : बघा! म्हणलं नव्हतं मी? दगड! आप्पानंच—

निजामुद्दीन : नळीतनं दगड? आप्पा ट्रॅक्टर चालवत होता का गोफण? थांबा… इथं वॉलच्या वर अर्धा तुकडा अडकलाय. पेचकस द्या. आला, आला. घ्या तुमचा मुद्देमाल.

तात्यासाहेब : लाकूड दिसतंय.

निजामुद्दीन : काळं पडलंय. वहिनी, तुम्ही बघा बरं.

आवडाबाई : आणा. जरा पदरानं पुसते… आत पांढऱ्या रेघा. अगं बाई! सुपारी हाय ही.

निजामुद्दीन : सुपारी? इंजिनाला पान खायची आदत कधीपासून लागली?

आवडाबाई : अहो, तुमी दाराकडं कुठं निघाले?

तात्यासाहेब : मी कुठं निघालो?

आवडाबाई : त्या खंडेनवमीला मी पाटावर सुपारीचा गणपती मांडला होता. आरती झाली आन् पाहते तर सुपारी गायब. सासूबाईंनी मला काय काय बोल लावले! म्हणे, हिनं गणपती हरवला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडला, तर तेबी माझ्याच पायगुणानं. दिवाळीपर्यंत मला देव्हाऱ्याला हात लावू दिला नाय.

तात्यासाहेब : आईचा स्वभाव तसाच होता…

आवडाबाई : आन् तुमचा? हवेची नळी काढून तुमीच पुसत बसले होते. काय म्हणत होते तव्हा? ‘वरून वरून कुंकू लावून काय उपयोग, देव मशीनच्या आत बसला पाहिजे.’

निजामुद्दीन : या अल्लाह! तात्या, तुम्ही गणपतीला नळीत बसवलं?

तात्यासाहेब : बसवलं म्हणजे… तोंडाशी ठेवला जरा. चांगल्या भावनेनं ठेवला.

निजामुद्दीन : आन् तसाच ठेवून नळी परत जोडली. आप्पानं चढाला रेस दिली, इंजिननं जोरात हवा ओढली, झालं काम. मला हसू द्या का नको?

आवडाबाई : हसा, निजामभाऊ. मीबी हसते. रडून झालंय माझं कव्हाच.

तात्यासाहेब : हसा, हसा. …तो तुकडा द्या इकडं. देवाची वस्तू हाय, विहिरीत सोडतो.

आवडाबाई : आता लई आठवला देव! माझ्या मुठीत हाय तो. तिथंच राहील.

तात्यासाहेब : आवडे, ऐक जरा. आप्पाला सांगू, दगड होता. कुणाचीच चूक नाय. मिटलं. काय मिस्त्री?

निजामुद्दीन : मला नक्को विचारू. वॉल बदलीन, पिस्टन बदलीन, नवरदेवाला वाजत गाजत आणीन. खोटं बोलायचं असंल तर तुमच्या तोंडानं बोला. तुमच्या तोंडाला आदत हाय.

आवडाबाई : त्या दसऱ्यापासून भावजी या घरी जेवले नायत. मामंजींच्या तेराव्याला दारातनं मागं फिरले, कारण तुमी पाहुण्यांसमोर म्हणाले, ‘आला बघा इंजिनजाळ्या!’ हातातलं ताट तसंच राहिलं माझ्या. अजून जीव तुटतो माझा ते आठवून.

तात्यासाहेब : मोठा भाऊ हाय मी. धाकट्यासमोर मान खाली घालू?

आवडाबाई : त्यानं घातलीच ना इतकी वर्षं? त्याची तर चूकबी नव्हती.

निजामुद्दीन : गाडी थांबली बाहेर. आप्पाच हाय.

आवडाबाई : मूठ उघडू का झाकू, ते तुमी सांगा. लवकर.

तात्यासाहेब : थांब ना जरा…

आवडाबाई : शेडच्या दारात आले ते. बोला की. दवंडी देताना तर गळा लई मोकळा होता.

तात्यासाहेब : आप्पा… ये, आत ये. पाय जपून टाक, बाबा. खाली तेल सांडलंय. इंजिनात काठोकाठ होतं.