सोनेरी देवदाराचा सहावा उन्हाळा

नाही, अभिजितराव, रंग मारलेला नाही — सगळे आधी तेच विचारतात, मागे एक बाई तर गेटातून हात घालून बोट घासून गेल्या. जातच तशी आहे. देवदारच, पण सुया सोनेरी. बसा ना, हिंचक्यावर बसा, झोका घेत तिथूनही दिसतं झाड. जवळ जायची काय घाई आहे? तर तुमचं म्हणणं, वाघोडियाच्या कारखान्यात कोरियाचे भागीदार येणार आणि लॉनचं काम तुमच्याकडे. पूर्वी बरं होतं, कारखान्याच्या दारात आसोपालवाची, आपल्या अशोकाची, रांग लावली की झालं बागकाम. आता मधोमध एकटं झाड लागतं, येणाऱ्यानं बघत राहावं असं. हो ने? आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलं की बागखात्यातून रिटायर झालेल्या दत्तात्रेयकाकांकडे असलं झाड आहे, अख्ख्या बडोद्यात कुणाकडे नाही. ते मात्र खरं आहे. कुणाकडेच नाही.

का लावलं? हट्ट, दुसरं काय. खात्यात आमचे साहेब होते, उदयसिंहराव. त्यांच्यापुढे मी एकदा बोलून गेलो की आपण एक देवदार लावून बघू या. तर म्हणाले, दत्तात्रेय, तुम्ही आधी बडोद्यात बर्फ पाडा, मग देवदार लावू. सगळं ऑफिस हसलं. त्यांनी काही वाईट मनानं म्हटलं नव्हतं, पण मला लागलं ते लागलंच — रिटायर होईपर्यंत लागून राहिलं. त्र्याण्णव साली गेलो तडक हिमाचलात, सोलनच्या बाजूला, तिथल्या एका नर्सरीतून हे कलम घेतलं, तीन गाड्या बदलून आणलं. उल्का बरोबर होती, माझी बायको. तिच्या मांडीवर जेवणाचा डबा आणि माझ्या मांडीवर झाड. मला म्हणाली, डबा तुम्ही घ्या, झाड माझ्याकडे द्या, तुमचे हात भरून आले असतील. मी दिलं नाही.

लिहून घेताय? घ्या. घराच्या उत्तरेला लावायचं. खड्डा कमरेइतका, त्यात निम्मी वाळू, पाणी साचलं की संपलं. ऊन सकाळचं, दहानंतर हिरवी जाळी. खुंट साध्या देवदाराचा असतो, म्हणून जोडाच्या खाली फुटवा आला की त्याच दिवशी खुडायचा — ठेवलात तर तो जोर धरतो आणि वरचं सोनेरी कलम उपाशी मरतं. मुळाशी ओलं गोणपाट. आणि एप्रिलपासून दुपारी बर्फ. हसू नका, खरंच बर्फ, प्रतापनगरच्या बाजूनं सायकलवर लादी आणायचो मी. मुळावर नाही ठेवायची, वीतभर लांब, टोपलीत, म्हणजे गार पाणी हळूहळू झिरपतं. असे पाच उन्हाळे काढले. चौथ्या वर्षी उदयसिंहराव स्वतः आले बघायला. इथे गेटाशी उभे राहिले, काठी टेकून. झाड बघितलं आणि चहासुद्धा न घेता गेले. त्या दिवशी मला आनंदानं जेवण गेलं नाही. आता ते नाहीत. कुणाला दाखवायचं राहिलं नव्हतं खरं म्हणजे, पण सवय लागते.

यंदाचा मे तुम्ही बघितलातच. बर्फाचं काही चालेना, तासाभरात टोपलीत नुसतं पाणी. शेंडा वाकायला लागला. मग मी कुलर लावला. कुठला म्हणजे? घरातलाच. ती उजवीकडची खिडकी दिसते ना — तिच्याबाहेर स्टँडवर होता, स्टँडला चाकं, नुसतं तोंड फिरवायचं की वारा सरळ झाडावर. बारा ते चार. चारला परत खिडकीकडे. एवढंच तर करायचं होतं.

खोलीत? खोलीत उल्का होती. सांगितलं नाही का मी? दीड वर्ष पलंगावर होती, अर्धांगवायू, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कुलर मोहनानं घेऊन दिलेला, आमची मुलगी, पुण्याला असते. तिनंच आईला शिकवलं होतं — डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. फार छान चालायचं ते. चहा हवा का, हो. कूस बदलू का, नाही. आणि हे बघा, विचारल्याशिवाय मी एक दिवस कुलर हलवला नाही. रोज बाराला तिच्यापाशी जाऊन विचारायचो, उल्का, थोडा वेळ झाडाकडे करू का? ती डोळे मिटायची. झालं, हो म्हणाली. आता उन्हाच्या काहिलीनं माणसाचे डोळे मिटतात, ते कुणी न विचारताही मिटतात, हे मला कळत नव्हतं असं नाही. पुन्हा एकदा मिटते का ते बघायला थांबायचो का? थांबायचो. पहिले चार-पाच दिवस थांबायचो.

दुसरा कुलर — हो, घेता आला असता. दुकानं पंधरा मिनिटांवर आहेत. सुचलं नाही, अभिजितराव. मी स्वतःला सांगून बघितलं की दुकानात माल संपला होता, पण मी विचारायला गेलोच नव्हतो. झाड सोडून मला काही दिसतच नव्हतं.

त्या दिवशी सव्वातीनला पाणी प्यायला आत आलो. दारातूनच विचारलं, बरं वाटतंय ना, की फिरवू इकडे? डोळे मिटलेले होते. मी म्हटलं, बरं वाटतंय म्हणते. पेला विसळला, पालथा घातला, आणि परत बाहेर येऊन गोणपाट भिजवत बसलो, चार वाजेपर्यंत. चारला कुलर फिरवला. तिच्या केसांवर वारा आला, केस हलले, म्हणून आणखी थोडा वेळ मला काही कळलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, वय, आजार, त्यात हा उन्हाळा. मोहना आली. पहिलं हेच विचारलं तिनं, बाबा, कुलर चालू होता ना? मी म्हटलं, चालू होता. खोटं नाही ने? सबंध दुपार चालू होता. तेराव्याला तिनं सगळ्या नातेवाइकांत सांगितलं, बाबांनी दीड वर्ष आईचं जे केलं ते कुणी करणार नाही. लोक माझा हात हातात घेत होते. मी घेऊ दिला.

तुम्ही सारखे तिकडे बघताय, म्हणून सांगतो, ते झाड मेलंय. उल्का गेली त्या दिवसापासून मी त्याला पाणी घातलं नाही. दुसरं झाड आजारलं की पिवळं पडतं, त्यावरून कळतं तरी. हे मुळात पिवळं, त्यामुळे मेलं तरी रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. तुम्ही अर्धा तास बघताय, आणि तुमचा तर धंदाच आहे हा. जा आता, हात लावा. — बघितलंत. नुसतं बोट लागलं आणि सगळ्या सुया खाली. राहू द्या, झाडू नका, मी काढीन नंतर. घेऊन जायचं तर घेऊन जा, तुमच्या पाहुण्यांना लांबून काय कळतंय.

मोहना उद्या सकाळच्या गाडीनं येते. मला पुण्याला न्यायला. घर बंद करायचं, कायमचं तिच्याकडे राहायचं, तिनं माझ्यासाठी खोलीसुद्धा रंगवून ठेवली आहे. तिच्या हातचं जेवायचं, आणि रोज ती म्हणणार, बाबांनी आईचं फार केलं. तिला हे सांगायला हवं. आज सकाळपासून मनात जुळवतोय, कुठून सुरू करावं — आधी कुलर की आधी डोळे. तुम्ही आलात, झाडाचं विचारलंत, म्हटलं परक्या माणसाला सांगून बघू, तोंडातून निघतं का. निघालं. आता तुमच्याकडे बघतोय आणि मला दिसतंय ना, तुम्ही पेला खाली ठेवलात, रुमाल काढलात, घड्याळ बघितलंत. तुम्ही परके आहात तरी.

नाही, तिला नाही सांगणार मी. या तुम्ही.