पानभर वाक्य

वासंती : चष्मा कपाळावर आहे. उशीखाली काय शोधताय?

गोपाळकृष्ण : पूर्णविराम. तुझ्या लेकीने घरभर सांडलेत. ऋचा, हा कायद्याचा मसुदा आहे की बालवाडीचं पुस्तक? ‘द ओनर मस्ट गिव्ह नोटिस.’ संपलं?

ऋचा : संपलं, बाबा. घरमालकाने नोटीस द्यायची. कायदा नव्याने लिहून घेणाऱ्या समितीला सोपं इंग्रजी हवंय.

गोपाळकृष्ण : मी सरकारात मसुदे लिहायचो तेव्हा एका कलमाचं एकच वाक्य असायचं. पानभर. वकिलाला शिरायला फट नाही.

वासंती : आम्हालाही नव्हती. जेवताना वाचून दाखवायचे. मला कळलं की म्हणायचे, ‘वासंती, तुला कळलं, म्हणजे काहीतरी राहिलंय.’

गोपाळकृष्ण : राहिलेलंच असायचं! सोमवारी समितीपुढे जुनं कलम खणखणीत वाचतो. बघू कोण तोंड उघडतं.

ऋचा : तुम्ही नाही आलात तरी चालेल, बाबा.

गोपाळकृष्ण : म्हणजे माझा कायदा तू मोडीत काढणार आणि मी घरी पोहे खाणार?

वासंती : गुडघा दुखतोय म्हणून कळवा ना.

गोपाळकृष्ण : गुडघा ठणठणीत आहे. सकाळपासून चालतोय.

वासंती : दिसतंय. एवढ्या फेऱ्यांत कर्वेनगरहून नारायण पेठेत जाऊन आला असता. बसा जरा.

ऋचा : मग तालीमच करू या. हे घ्या तुमचं कलम. वाचा.

वासंती : ऋचा, नको.

गोपाळकृष्ण : का नको? आण इकडे. ‘नॉटविदस्टँडिंग एनीथिंग कन्टेन्ड इन एनी अदर लॉ, व्हेअर द ओनर...’ हं. ‘व्हेअर द ओनर...’ थांब. पहिल्यापासून. ‘नॉटविदस्टँडिंग...’

वासंती : मी चहा टाकते.

गोपाळकृष्ण : चहा नको. अक्षर बारीक आहे हे.

ऋचा : मोठं करून आणलंय, बाबा.

गोपाळकृष्ण : मग ट्यूब लाव.

वासंती : लावलीय हो.

(त्याचं बोट पुन्हा पुन्हा पहिल्या ओळीवर येतं.)

गोपाळकृष्ण : ऋचा, तुझं ते दे. बालवाडीचं.

ऋचा : आणि सोमवारी?

गोपाळकृष्ण : सोमवारी तू जा. कोणी विचारलं तर गुडघा सांग.

वासंती : अहो, गुडघा मी उगाच म्हटलं...

गोपाळकृष्ण : माहितेय गं. वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत मला सुरुवात आठवत नाही, वासंती. बरेच महिने झाले.