पिंपातली अबोली

मालवणच्या एसटीच्या रांगेत निवृत्त तंत्रशिक्षक श्रीपादराव उभे होते. पुढचे जोडपे पिंपातून बोय माशाची पिल्ले सासऱ्यांच्या तळ्यात सोडायला निघाले होते. बायको सायकलच्या पंपाला जोडलेल्या नळीने पाण्यात हवा सोडत होती.

"बुडबुडे येतत, पण तळातली पिल्लां उलटी पडतत रे! बाबा म्हणतले, जावयान मेलेले मासे आणल्यान."

"चुकलंय गो मथुरा. नळी वरच बांधलंय, म्हणान वरचाच पाणी फिरता. आता मधोमध तळापर्यंत सोडतंय."

"तेना काय होतला?"

"बुडबुडे पाणी मधसून वर नेतले, ता कडेन खाली येतला. गजऱ्यातली अबोली भिजवन टाक, बघ."

श्रीपादरावांनीही वाकून पाहिले. पाकळी कडेने तळाशी गेली आणि मधून वर आली.

"इली रे! आणि पिल्लांव हलतत!"

"दे पंप, दमलंस."

"नको. बाबांच्या दारात पंप मीच मारतलंय. तू जिते मासे आणलेलो जावय म्हणान पुढे चल."