अभिनंदनाचा ठराव

आमच्या प्राचार्यांचा सत्कार कसा झाला, ते तुम्हाला सांगितलंच नाही ना? कॉलेजने तळोज्याच्या एका केमिकल कंपनीचे शेअर्स घेतले होते, आणि कामोठ्याला आमच्या घरी खिडकी उघडली की त्याच कंपनीचा वास. विद्यार्थी परिषदेत मी तीनदा ठराव मांडला की हे शेअर्स विका. तिन्ही वेळा सर म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू."

मग आमची सेक्रेटरी प्रज्ञा वैतागली. "येडा आहेस का? मागणीचा ठराव कशाला आणतोस? अभिनंदनाचा आण. त्याला आजवर कोणी नाही म्हटलंय?"

वार्षिक सभेत मी व्यासपीठावर सरांच्या शेजारच्या खुर्चीतून उभा राहिलो. "तळोज्याचे शेअर्स विकायचा धाडसी निर्णय घेतल्याबद्दल ही सभा प्राचार्यांचं अभिनंदन करते!"

टाळ्यांचा कडकडाट. संस्थाचालकांनीसुद्धा सवयीने वाजवल्या. प्रज्ञाने शाल आणि नारळ तयारच ठेवले होते, संस्थेच्या अध्यक्षांनी ते स्वतः सरांना दिले. सरांनी हात जोडले, फोटोसाठी हसले, आणि खाली बसता बसता माझ्या कानात पुटपुटले, "अरे, पण हा निर्णय मी घेतला कधी?"

"आत्ताच, सर. शाल घेतलीत ना."