काकांचे क्लाउडवरचे केस

आमच्या इरफानच्या हाती नवं सॉफ्टवेअर देऊ नये, एवढंच मी म्हणेन. खडकीत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. परवा मी सहज गेलो, तर साहेब कॉम्प्युटरवर एका लग्नाचे फोटो सुधारत बसलेले. नवरीच्या वडिलांना पूर्ण टक्कल. यानं गंमत म्हणून त्यांच्या डोक्यावर दाट, काळेभोर केस बसवले. आम्ही पोट धरून हसलो.

मी म्हटलं, "अरे, त्यांना दिसलं तर?"

"कसं दिसेल? हे माझ्या कॉम्प्युटरवर आहे. त्यांच्याकडे फक्त क्लाउडची लिंक आहे."

आम्ही कोपऱ्यावर चहा पिऊन परत येतोय, तोच नवरीच्या आईचा फोन. "अहो इरफानभाई, ह्यांच्या डोक्यावर हे काय उगवलंय?"

कॉम्प्युटरवरचा प्रत्येक बदल आपोआप क्लाउडवर जातो, हे साहेबांना तेव्हा कळलं. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं कामही आता हातचं गेलं, असा चेहरा करून तो म्हणाला, "माफ करा काकू, लगेच काढतो."

"काढू नका! ह्यांनी केव्हाच डीपीला लावलाय तो फोटो. फक्त शेजारी मी उभी आहे ना, ती आता ह्यांची आई दिसतेय. तेवढं बघा."