संगप्पानं छत्री सोडली

...भिजण्याचं काई न्हाई हो, माणूस भिजतो अन वाळतो, पण तुम्हाला सांगतो, चाळीस माणसं आपापल्या छत्रीखाली उभी राहून एकाच माणसाला भिजवतेत, अन वरून म्हणतेत 'संगप्पा, सावकाश चला, घाई न्हाई', हे कुठल्या धर्मात बसतंय? अन मी सोडलं काय होतं? छत्री!

झालं असं, की आमचा लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या, पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला. दोन वर्षं आषाढ कोरडा, श्रावण कोरडा. मग उदगीरच्या मठात ठरलं, की पावसासाठी प्रत्येकानं एक वस्तू सोडायची, अन कार्तिकात कपिलधारला पायी जाऊन मन्मथ माउलीच्या समाधीपुढं डोकं टेकल्यावरच पुन्हा धरायची. शेजारच्या सिद्धम्मानं चहा सोडला. दिंडीचे मुख्य गुरुपादप्पा, त्यांनी तंबाखू सोडली, चार दिवस रिकामाच तळहात मळायले. माझ्या बायकोनं, पार्वतम्मानं, गूळ सोडला. मी पडलो किराणा दुकानदार, नुकसान बघूनच सौदा करतो. म्हटलं, थेंब न्हाई दोन वर्षं, आपण छत्री सोडू! खुंटीवर हाय, खुंटीवरच राहील. पार्वतम्मानं माझ्याकडं नुसतं बघितलं.

कार्तिक आला, निघालो. पहिल्याच दिवशी कळलं, छत्री उन्हातबी लागती. हे दुकानात बसून ध्यानात येत न्हाई हो! पाच दिवस टाळू भाजली, अन सहाव्या दिवशी, अंबाजोगाईच्या अलीकडं, सकाळी पावसानं जो जोर धरला... उन्हासाठी आणलेल्या चाळीस छत्र्या पावसात उघडल्या. उदगीरकडून येणारी यष्टी थांबवली, ड्रायव्हर म्हटला, तिकडंबी पडून राहिला लई. लोकं रडायले. ज्वारी वाचली म्हणून मीबी रडलो, खोटं कशाला सांगू? पण सगळे कोरड्यात रडले, मी ओल्यात. कारण मी सोडलं काय होतं? छत्री!

दुपारी थंडी भरली. म्हटलं, आंबा म्हणजे काई छत्री न्हाई, अन हळूच एका आंब्याखाली शिरलो. शिरलो अन पाऊस थांबला. म्हणजे टपकन थांबला! गुरुपादप्पा आले. तीन महिने तंबाखू न्हाई, माणूस आधीच किरकिरा झालेला. हळूच म्हटले, "संगप्पा, गावाकडं ज्वारी वाळून राहिली. बाहेर या."

मी सांगायलो, की अवो, नवस छत्रीचा हाय, झाडाचा न्हाई...

"बाहेर या."

आलो. वीस पावलं चाललो नसंल, पुन्हा धो धो! चाळीस माणसांनी मला हात जोडले. सिद्धम्मा तर चिखलात वाकून पाया पडली, तिनं बिचारीनं चहा सोडलेला, डोकं दुखून दुखून कपाळाला फडकं बांधलेलं. अन मी? मला लाज वाटली हो, खरंच वाटली. पार्वतम्माला बाजूला घेतलं, म्हटलं, "अगं, मी लबाडीनं सोडली. सांगून टाकू का सगळ्यांना?"

ती छत्रीतून म्हटली, "पाऊस पडून जाऊ द्या अगोदर."

चाललो. धर्मशाळा आली तर मला वळचणीला बसवलं, जेवायला वाढलं तर आमटी कमी न्हाई व्हायची, वरून भरत राहायची. असे तीन दिवस!

कपिलधारला पोचलो, डोकं टेकलं. सिद्धम्मानं तिथंच दोन कप चहा पिला, गुरुपादप्पांनी तंबाखू मळली, पार्वतम्मानं गुळाचा खडा तोंडात टाकून डोळे मिटले. मीबी एकाची छत्री मागितली. गुरुपादप्पांनी माझा हात धरला, लई मायेनं धरला, अन म्हटले, "बाकीच्यांचं फिटलं संगप्पा. तुमचं चालू ठेवू."

हाव, चालू हाय. आता उदगीरात ढग दिसला की गल्लीतली माणसं दुकानात येतेत, मला धरून चौकात नेतेत, बसवतेत, अन आपण वसरीच्या छपराखाली जाऊन उभी राहतेत.

खुर्ची मात्र चांगली देतेत. हातांची हाय.